काळा घोडा फेस्टिव्हल: पुणे-मुंबई-पुणे, एका शनिवारात

आधी कामाचं सांगून टाकते. काळा घोडा आर्ट्स फेस्टिव्हल पुण्याहून एका दिवसात करून येता येतो, फक्त जाताना डेक्कन क्वीनने जायचं आणि येताना तिचा नाद सोडायचा. ती संध्याकाळी ५:१० ला सीएसएमटीवरून सुटते आणि फेस्टिव्हल रंगायला लागतो तो त्याच सुमाराला. ओळखीतले बरेच जण पाच वाजता घड्याळ बघत धावत सुटतात आणि मग पुण्यात येऊन सांगतात की काय ते, स्टॉलच तर होते सगळे. अहो थांबला असतात तर.

आम्ही तिघी होतो. आई, मी आणि माझी भाची. भाची अप्लाइड आर्टच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सध्या तिच्या मते जगात बघण्यासारखं जे काही आहे ते पुणे सोडून सगळीकडे आहे. आईने सत्तरी ओलांडलीय, गुडघे कुरकुरतात, पण माहेर गिरगावचं, त्यामुळे मुंबई म्हटलं की गुडघ्यांची तक्रार आपोआप बंद होते, हे आम्ही आता गृहीत धरलंय.

सव्वासातची गाडी. घाट वगैरे जानेवारीत वाळलेलाच असतो, त्यावर लिहीत नाही. डायनिंग कारमध्ये मात्र जाऊन बसलो, कारण भाचीने कधी बघितलीच नव्हती. कटलेट, ऑम्लेट, चीज टोस्ट, बाहेर खंडाळा. गाडी १ जून १९३० पासून चालू आहे आणि पुण्यातले रेल्वेवेडे लोक अजूनही दर एक जूनला स्टेशनवर केक कापतात, हे मी तिला सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी, तुम्हा लोकांना ट्रेनचा बड्डे लक्षात राहतो, माझा नाही." गप्प बसले.

साडेदहाच्या आसपास सीएसएमटीला उतरलो. आईचा हट्ट होता की समोरच्या आराममध्ये वडापाव खाऊनच पुढे, आत्ताच कटलेट झालंय म्हटलं तर म्हणाली कटलेट पुण्याचं, हा मुंबईचा. खाल्ला. मग चालतच निघालो. अंधेरी-बीकेसीकडून येणाऱ्यांना आता भुयारी मेट्रो आहे, हुतात्मा चौक नावाचं स्टेशनच झालंय, तिथून काळा घोडा पाच-सात मिनिटांवर. पण सीएसएमटीहून येत असाल तर खरंच चाला. दादाभाई नौरोजी रोडच्या कमानींखालून सावलीसावलीने फाउंटनपर्यंत येता येतं, खाली मोबाईल कव्हर आणि घड्याळांचे फेरीवाले, वर बघाल तर सिंहांची तोंडं, वेलबुट्ट्या, कुठल्या तरी विमा कंपनीची दगडात कोरलेली नावं. भाची मान वर करून चालत होती आणि आई तिचा दंड धरून. फ्लोरा फाउंटन आता स्वच्छ केलाय, छान दिसतो, बाजूलाच संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक. आई तिथे जरा थांबली, नमस्कार केला, निघाली.

काळा घोड्याला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले असतील. पोलिसांचे बॅरिकेड, बॅगा तपासणं, आत जायची वाट वेगळी आणि बाहेर पडायची वेगळी. तिकीट वगैरे काही नाही, सगळं फुकट. फेस्टिव्हल १९९९ पासून होतोय, नऊ दिवस, शनिवारी सुरू होऊन पुढच्याच्या पुढच्या रविवारी संपतो. आधी फेब्रुवारीत असायचा, हल्ली जानेवारीच्या शेवटाकडे सरकलाय, तेव्हा तारखा बघूनच तिकिटं काढा. मुळात इथल्या लोकांनी १९९८ मध्ये काळा घोडा असोसिएशन काढली ती या भागातल्या जुन्या इमारती, रस्ते नीट राहावेत म्हणून. फेस्टिव्हल त्यातून आला. हे माहीत असलं की बघण्याची नजर बदलते, नाहीतर माणूस स्टॉलमध्येच अडकतो.

मुख्य गर्दी रॅम्पार्ट रोवर. पाटीवर नाव के. दुभाष मार्ग, पण ते कुणी घेत नाही. फोर्टला खरोखर किल्ला होता, त्याचा तट १८६० च्या दशकात पाडला, त्या तटालगतचा हा रस्ता. नऊ दिवस इथे गाड्या बंद. मला विचाराल तर अर्धी मजा यातच आहे, मुंबईत रस्त्याच्या मधोमध उभं राहून एखाद्या इमारतीकडे बघायला मिळणं, मागून कुणी हॉर्न मारत नाही आणि आई-माई काढत नाही.

सकाळी गर्दी कमी होती म्हणून इन्स्टॉलेशन्स नीट बघता आली. सगळीच चांगली नव्हती, स्पष्ट सांगते. पर्यावरण वाचवा छापाची चार-पाच होती, प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा मासा, बाटल्यांचं झाड, बाटल्यांचं आणखी काहीतरी, आणि त्यापुढे लोक मिनरल वॉटरची बाटली हातात घेऊन सेल्फी काढत होते. पण एक फार आवडलं. लोखंडी चौकटीत लोकलमधली स्टीलची हँडलं टांगली होती, ती त्रिकोणी, खरीखुरी वापरलेली, आतल्या बाजूने घासून घासून चकचकीत झालेली आणि वरच्या कोपऱ्यात काळपट. हात लावायला परवानगी होती. वारा आला की ती एकमेकांवर आपटून नेमका तो लोकलमधला खडखडाट. भाची तिच्या स्टाईलने कन्सेप्ट वगैरे बोलायला लागली तोवर आईने सरळ एक हँडल पकडलं, पदर खोचला आणि चर्नीरोड आल्यासारखी उभी राहिली. मागे उभ्या असलेल्या दोन बायका हसल्या आणि त्यांनीही पकडली. पाच मिनिटं तिथे एक डबाच तयार झाला होता.

मग घोडा. आता जो उभा आहे तो २०१७ चा, पंचवीस फूट उंच, पाठीवर कुणीच नाही. कल्पना वास्तुविशारद अल्फाझ मिलर यांची आणि शिल्पकार श्रीहरी भोसले. मूळ घोड्यावर प्रिन्स ऑफ वेल्स बसलेला होता, तोच पुढे सातवा एडवर्ड झाला. तो १८७५-७६ ला मुंबईत येऊन गेला त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससूनने १८७९ मध्ये पुतळा शहराला दिला. पुतळा काळपट, म्हणून लोकांनी चौकालाच काळा घोडा म्हणायला सुरुवात केली, राजा कोण याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. १९६५ मध्ये तो उचलून राणीच्या बागेत नेला. बावन्न वर्षं चौकात घोडाच नव्हता आणि नाव मात्र तसंच.

आता आमच्या आईने तो मूळ पुतळा इथे जागेवर बघितलाय. तिसरी-चौथीत असताना तिचे वडील तिला म्युझियम दाखवायला घेऊन आले होते, ट्रामने की बसने ते तिला आठवत नाही (ट्राम १९६४ ला बंद झाली म्हणजे ट्रामने आले असणं शक्य आहे). तिला घोड्याचा उचललेला पाय आठवतो आणि पुतळ्याच्या सावलीत बसलेला चणेवाला. भाचीने विचारलं, "आजी, तेव्हा जास्त भारी होता का?" आई नव्या घोड्याकडे बराच वेळ बघून म्हणाली, "हाच बरा. ओझं उतरलंय त्याचं."

बारानंतर ऊन चढलं. जानेवारीतही मुंबईचा तो चिकट घाम, पुणेकरांनी स्वेटर घालून येऊ नये. आम्ही बाजूच्या गल्लीत शिरलो, तिथे ते निळं सिनेगॉग आहे, केनेसेथ एलियाहू. १८८४ चं, डेव्हिड ससूनच्या नातवाने, जेकब ससूनने बांधलेलं. मधे दुरुस्ती झाली आणि आता निळा-पांढरा रंग एकदम ताजा दिसतो. ओळखपत्र लागतं, आधार कार्ड बरोबर ठेवा. आत रंगीत काचांतून ऊन खाली फरशीवर पडलेलं, आई बाकावर बसली ती वीस मिनिटं उठलीच नाही. कारण भक्ती की गुडघे ते विचारलं नाही.

इथे मला एक गोष्ट पहिल्यांदाच नीट लक्षात आली. चौकातला मूळ घोडा ससूनांचा, समोरची लायब्ररी डेव्हिड ससूनच्या नावाची, १८७० ची, हे सिनेगॉग ससूनांचं, कुलाब्याला ससून डॉक. आणि आपण पुणेकर सकाळ-संध्याकाळ ज्या ससूनचं नाव घेतो ते हॉस्पिटल पण त्यांचंच. डेव्हिड ससून बगदादहून १८३२ च्या सुमारास मुंबईत आला आणि १८६४ ला वारला तो पुण्यात, कबरसुद्धा कॅम्पातल्या लाल देवळाच्या आवारात आहे. भाचीला हे काहीच माहीत नव्हतं, ती म्हणे मला वाटायचं ससून हे कुठल्या तरी आजाराचं नाव आहे. तिच्या पिढीला दोष द्यायचं कारण नाही, पुण्यात "ससूनला नेलं" हे वाक्य ज्या सुरात म्हणतात त्यावरून कुणालाही तसंच वाटेल.

जेवणाबद्दल थोडक्यात. फेस्टिव्हलच्या आतल्या फूड स्टॉलवर एका ठिकाणी आम्ही तीन थंडगार छोले-कुलचे अव्वाच्या सव्वा पैसे देऊन खाल्ले आणि बसायला जागा नव्हती म्हणून उभ्याने खाल्ले. तुम्ही ते करू नका. दहा मिनिटं चालायची तयारी असेल तर फोर्टात हवं ते मिळतं, सीएसएमटीजवळ पंचम पुरीवाला आहे, इराणी आहेत, उडपी तर गल्लोगल्ली.

दुपारी डेव्हिड ससून लायब्ररीच्या मागच्या बागेत साहित्याचे कार्यक्रम असतात. बाहेर एवढा कल्ला आणि ही बाग एकदम झाडांत दडलेली. इंग्रजीत पॅनल डिस्कशन चालू होतं, बोलणारे चौघे आणि त्यांचं एकमेकांचं कौतुक, पण खुर्च्या होत्या, सावली होती, पंखा पण होता. आईने तिथेच डुलकी काढली. मराठी कार्यक्रम पूर्ण यादीत मोजकेच दिसले आणि तेही अशा वेळेला की नोकरी करणारा माणूस येणार नाही, हे मला खटकलं. या चौकात मराठी काही कमी लिहिलं-वाचलं गेलेलं नाही, इथल्या वेसाइड इनमध्ये अरुण कोलटकर वर्षानुवर्षं खिडकीशी बसून हाच रस्ता बघायचे. ते रेस्टॉरंट आता नाही. ऱ्हिदम हाऊस पण २०१६ ला बंद झालं. कॉलेजात असताना मुंबईला आलं की तिथे बूथमध्ये हेडफोन लावून फुकट गाणी ऐकायची आणि एखादी कॅसेट घेऊन यायचं एवढाच आमचा कार्यक्रम असायचा. भाचीला कॅसेट विकत घेण्याआधी दुकानात ऐकायची ही कल्पनाच समजावून सांगावी लागली.

रस्त्याच्या पलीकडे एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल. सगळा सांगाडा बिडाचा, इंग्लंडहून तुकडे आणून इथे जोडला. ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंचे सिनेमे भारतात पहिल्यांदा दाखवले ते इथेच. आज इमारतीकडे बघवत नाही. आणि पन्नास पावलांवर तरुण मुलं सिनेमाच्या वर्कशॉपसाठी रांगेत उभी. भाचीचं नाव त्या वर्कशॉपला लागलं नाही, ऑनलाइन रजिस्ट्रेशन म्हणे उघडल्या उघडल्या भरलं होतं. तिचं तोंड अर्धा तास पडलेलं.

ते सावरलं जहांगीरच्या बाहेर. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ ची, आतली तारीख मिळायला चित्रकारांना वर्षानुवर्षं थांबावं लागतं, आणि बाहेर फुटपाथवर रेलिंगला, भिंतीला टेकवून चित्रं मांडून बसलेले चित्रकार. ते फेस्टिव्हलचे नाहीत. ते इथे बाराही महिने असतात, नऊ दिवस फक्त त्यांच्यासमोरची गर्दी वाढते, आणि एका काकांच्या म्हणण्याप्रमाणे धंदा उलट कमी होतो कारण लोक चित्राचा फोटो काढतात आणि पुढे जातात. मला वाटतं फेस्टिव्हलला येऊन ज्याने इथे पाच मिनिटं थांबून एखादं लहानसं स्केच तरी घेतलं नाही त्याने कला वगैरे शब्द वापरू नयेत. असो, हा माझा राग.

आईचं पोर्ट्रेट काढून घ्यायचं ठरलं. ती आधी नको नको म्हणाली आणि मग पर्समधून कंगवा काढला. चित्रकार साठीचे असतील, प्लॅस्टिकच्या स्टुलावर, मांडीवर पाट्यासारखं बोर्ड, त्याला क्लिप लावून कागद, चारकोलची कांडी बोटभर उरलेली. भाची त्यांच्या पाठीमागे उकिडवी बसली. त्यांनी सुरुवात डोळ्यांपासून केली नाही, आधी नाकाच्या दोन्ही बाजूच्या सावल्या टाकल्या, मग भुवया, मग एका डोळ्यात अगदी एवढासा ठिपका कोरा सोडला, आणि त्या ठिपक्याने आई एकदम तिथे आली. कागदाच्या गुंडाळीने गाल घासून मऊ केला. केसांसाठी रबर वापरलं, काळ्यातून पांढरं खोडून काढत. भाचीने हळूच विचारलं की काका, चष्म्याची काच कशी दाखवायची, तर ते म्हणाले, "काच दाखवायचीच नाही. फ्रेमच्या आतला गाल जरासा सरकवायचा." मग तिला वहीच्या मागच्या पानावर दोन रेघांत करून दाखवलं. वर्कशॉप झालं की हे, फुकटात.

पूर्ण झाल्यावर आईने चित्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं.

"अहो, कपाळावर आठ्या कशाला काढल्यात एवढ्या?"

"काकू, मी चार कमी काढल्यात."

पाचशे रुपये म्हणाले, आईने घासाघीस न करता दिले. भाजीवाल्याकडे दोन रुपयांसाठी वाद घालणारी माझी आई.

पाच वाजले, डेक्कन क्वीन आमच्याशिवाय गेली आणि इकडे लोंढा सुरू झाला. ऑफिस सुटलेले, कॉलेजची पोरं, कॅमेरेवाले, स्ट्रोलर घेऊन आलेले आईबाप (स्ट्रोलर आणू नका, कृपा करा). रॅम्पार्ट रोवर पाऊल ठेवायला जागा नाही, फोनला नेटवर्क नाही, भाची दोनदा हरवली. पण याच वेळी पथनाट्यं सुरू होतात. काळे कुडते घातलेली कॉलेजची पंधरा-वीस मुलं, एक डफली, "या, या, नाटक बघा" म्हणून आरोळी, आणि दोन मिनिटांत गर्दीनेच गोल केला. विषय होता घर भाड्याने न मिळणं, आडनाव विचारून, जेवण विचारून. माईक नाही, सेट नाही, मुलांनीच दरवाजा व्हायचं, लिफ्ट व्हायचं, सोसायटीचा सेक्रेटरी व्हायचं. सेक्रेटरी झालेला मुलगा भलताच चांगला होता, हातात नसलेली किल्ल्यांची जुडगी तो अशी फिरवत होता की आवाज येतोय असं वाटावं. दिवसभरात पाहिलेल्या सगळ्या इन्स्टॉलेशनपेक्षा हे पंधरा मिनिटांचं नाटक सरस. समोर जमिनीवर मांडी घालून बसलेला एक हवालदार मनापासून हसत होता.

अंधार पडल्यावर क्रॉस मैदानात गेलो, तिथे मोठं स्टेज असतं. नाच होता, मग ढोलकीचा कार्यक्रम. आवाजाची व्यवस्था मागे बसलेल्यांसाठी वाईट, बोलणं काही कळत नव्हतं, ढोलकी मात्र पार छातीत. आमच्यामागे बसलेल्या एका गुजराती काकांना आई लावणीतलं काय काय समजावून सांगत होती, अर्धं हिंदीत आणि अर्धं तिच्या स्वतःच्या भाषेत, आणि ते मान डोलवत होते.

साडेनऊला उठलो. मैदानातून चर्चगेट जवळच, तिथून स्लो लोकलने दादर, दादर पूर्वेहून शिवनेरी. शनिवार रात्र असूनही जागा मिळाली. एक्सप्रेसवेवर फूड मॉलला बस थांबली तेव्हा साडेअकरा वाजून गेलेले, आई उतरून चहा पिऊन आली, भाची पोर्ट्रेटची गुंडाळी मांडीवर घेऊन झोपलेली. स्वारगेटला दीड.

जाणार असाल तर दोन-तीन गोष्टी. जमलं तर सोम ते गुरु जा, शनिवार-रविवार संध्याकाळी म्हाताऱ्या माणसांचे आणि लहान मुलांचे हाल होतात. वर्कशॉपचं नाव घरूनच नोंदवा. पाणी बरोबर घ्या, बूट घाला. स्वच्छतागृहाची पंचाईत आहे, जहांगीर किंवा म्युझियममध्ये असाल तेव्हाच उरकून घ्या, नंतर रस्त्यावर शोधत बसू नका. आणि रोख पैसे थोडे ठेवा, कारण संध्याकाळी नेटवर्क गेलं की फुटपाथवरच्या चित्रकाराला यूपीआय होत नाही आणि लोक "नंतर येतो" म्हणून निघून जातात, येत कुणी नाही.